धावड्याचा रिषभ

जालना जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. बियाणं आणलं का, आणि सळईचा भाव काय चाललाय. मी पेटीची एक रीड मोडायला गेलो होतो, ती मोडली, दुसरी बसवली आणि वर सत्कार घेऊन परत आलो, असं सांगितलं की समोरचा माणूस चहा अर्धा ठेवून घड्याळ बघतो. म्हणून हे लिहून काढलं. वाचता वाचता तुम्ही उठून गेलात तरी निदान मला ते दिसणार नाही.

मी मिरजेचा. मिरजेच्या माणसाच्या घराजवळ कुठंतरी तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असतात आणि तेवढ्या भांडवलावर तो जगभरच्या सुरांना नावं ठेवू शकतो. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी पेट्यांचे सूर लावायला लागलो. त्यातही मला वेड लागलं ते अगदी बारीक अंतरांचं.

बाजारातली पेटी खोटं बोलते, हे माझं आवडतं व्याख्यान. खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत जे अंतर आहे त्याची कारखान्यात बारा पट्ट्यांमध्ये समसमान वाटणी करतात, बारा भावांत शेत वाटावं तशी. भांडण मिटतं, पण पाणी जिथं असतं तिथं बांध पडतो. गळ्यातला गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा खाली असतो. किती खाली? शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करा, त्यातले चौदा. या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात. माझ्या घरात चौदा हा आकडा उच्चारला की माणसं कामाला लागतात.

या समान वाटणीचा एक फायदा असतो. कुठलीही पट्टी 'सा' माना, पेटी सगळ्यांशी सारखंच खोटं बोलते. पण तीच पेटी शुद्ध सुरांत लावली की ती एकाच 'सा'शी संसार थाटते आणि दुसऱ्याकडं नीट बघत नाही. हे वाक्य मी व्याख्यानात इतक्यांदा म्हटलंय की ते माझ्या तोंडाला पाठ आहे. डोक्याला ते पाठ नव्हतं हे पुढं कळलं.

धावडा, बुधवार

भोकरदनच्या पुढं, डोंगर दिसायला लागतात त्या बाजूला धावडा आहे. तिथले प्रल्हादराव आमच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथं जाऊन माझी तारीफ करत बसले. मी पोचलो तेव्हा ती तारीफ माझ्या दोन दिवस आधी पोचलेली होती. विहाराच्या ओट्यावर बसलेल्या बायांनी जय भीम केला आणि एकीनं दुसरीला हळूच, पण मला ऐकू जाईल असं म्हटलं, "हेच का ते? म्या म्हणलं उंच असतील."

बोलणाऱ्या शोभाबाई. गायन पार्टीत ढोलकी वाजवतात आणि माणसंही वाजवतात.

या पार्टीच्या म्होरक्या म्हणजे प्रल्हादरावांच्या थोरल्या बहीण, मुक्ताबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणायला लागलो. साठी ओलांडलेल्या, किरकोळ अंगाच्या. आवाज मात्र असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही आपल्यालाच हाक मारली असं वाटावं. चौथीत त्यांची शाळा सुटली. पुढं त्यांची मुलगी सुजाता भोकरदनच्या हायस्कुलात जायला लागली तेव्हा अक्कांनी स्वतः एक गाणं रचलं. त्याचं धृपद 'शाळेच्या दारी माझी लेक उभी' असं आहे. सुजाता आता अंबडच्या कोर्टात वकिली करते.

मागच्या वर्षी अंबडला जिल्ह्यातल्या बायांच्या गायन पार्ट्या जमल्या होत्या. अक्कांनी तेच गाणं घेतलं, सुजाता समोर बसलेली, आणि दुसऱ्याच कडव्याला पेटीच्या दोन रीड बसल्या. भाता नुसता हवा सोडायला लागला. सभागृहात कुणीतरी हसलं. अक्कांनी गाणं अर्ध्यात सोडलं आणि तेव्हापासून ते चारचौघांत म्हटलं नाही. या रविवारी पुन्हा अंबड होतं. अक्कांनी पार्टीला सांगून टाकलं होतं की पेटी नीट झाली तर हेच गाणं म्हणेन, नाहीतर पेटी शोभाच्या हवाली करून आपण मागं बसून टाळ्या वाजवीन.

म्हणून मिरजेहून माणूस मागवला होता. अंबडला माईकवरून माझं नाव सांगायचं हेही प्रल्हादरावांनी परस्पर ठरवलं होतं. 'मिरजेचे सूरतज्ज्ञ.' मी नको नको म्हणालो, पण नवा सदरा बॅगेत होता.

जेवायला ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. हा मिरच्यांचा मुलूख. आम्ही सांगलीकडची माणसं तिखट खातो असं मी अभिमानानं सांगितलं आणि ठेचा चटणीसारखा वाढून घेतला. पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्याला कान गेले. तिसऱ्याला उचकी लागली ती थांबेना. शोभाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "उचकी तरी सुरात हाय सरांची."

धावडा, गुरुवार

आमच्याकडं पेटी मखमलीच्या आवरणाखाली असते. मालक सोडून कुणी हात लावला की घरात चार दिवस अबोला असतो. धावड्याची पेटी पाळीनं घरोघर फिरते. ज्या घरी पेटी, त्या घरी त्या आठवड्याची तालीम आणि चहा. त्यामुळं पेटीला हळद लागलेली, एका कोपऱ्यात पीठ, आणि भात्यावर कुणीतरी स्वेटरच्या लोकरीनं घातलेला टाका. ते बघून मला अगदी दया आली. आता लिहिताना त्या दयेची लाज वाटते.

मी प्रल्हादरावांची आतली खोली मागून घेतली. खिडक्या लावल्या, कुणी आवाज करायचा नाही असं बजावलं आणि पेटी उघडली. एकाच ओळीची साधी पेटी, सदतीस रीड. फोनमध्ये सूर मोजायची सोय आहे. सूर बरोबर असला की हिरवा दिवा, चुकला की लाल.

आता शुद्ध सूर लावायचे तर आधी गाणारी कुठल्या पट्टीत गाते हे माहीत हवं. बाहेर ओट्यावर अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. दार उघडून विचारलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. पण मी विज्ञानाचा मास्तर. मी निरीक्षण केलं. काळी एक ही पट्टी इतकी झिजली होती की काळा रंग जाऊन खालचं लाकूड दिसत होतं. दुसऱ्या कुठल्याच पट्टीची ही अवस्था नव्हती. गाणारं माणूस सगळ्यात जास्त काय दाबतं? 'सा'. म्हणजे अक्का काळी एकमध्ये गातात. हे अनुमान मला इतकं आवडलं की मी ते स्वतःशीच दोनदा मोठ्यानं म्हणालो.

मग दिवसभर घासलो. रीड म्हणजे पितळेची बोटभर पाती. बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो, आणि प्रत्येक वेळी पितळ थोडं कमी होतं. काळी पाच या पट्टीवर मी सगळ्यात जास्त जीव टाकला. ती आधी फार उतरली, मग फार चढली, मग पुन्हा उतरवली. उन्हं कलायच्या आत सदतीस हिरवे दिवे लागले आणि मी खोलीतून बाळंतिणीच्या सुईणीसारखा घाम पुसत बाहेर आलो.

तालीम विहाराच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत. आठ बाया गोल बसल्या. पेटी अक्कांच्या पुढ्यात. पहिला सूर लागला आणि बायांनी एकमेकींकडं बघितलं. पेटी खरंच छान बोलत होती. गंधार मधासारखा, पंचम भिंतीसारखा. प्रल्हादरावांनी माझ्याकडं असं बघितलं की बघा, म्हणालो नव्हतो? मी डोळे मिटून मान डोलवायला लागलो.

धृपद 'उभी' या शब्दावर थांबतं. अक्का तिथं तो सूर लांब धरतात आणि बाकीच्या सात जणी मागून येऊन त्यात मिसळतात. आल्या, पण मिसळल्या नाहीत. काहीतरी खरवडलं. अक्कांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या थांबल्या आणि पेटीच्या काळी पाचवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, बाकी समदे सूर लई चांगले झाले. पण ह्यो एक सूर आमच्याकडं बघतच न्हाई. तोंड फिरवून बसलाय."

मी समजावलं. मी समजावतो तेव्हा समोरच्याला बसायला जागा लागते. सांगितलं की इतकी वर्षं कानांना कारखान्याच्या खोट्या सुरांची सवय झालीय, शुद्ध सूर आधी परका वाटतोच. फोन पुढं धरून हिरवा दिवा दाखवला. अक्कांनी दिव्याकडं बघितलं, पाहुण्याचा मान राखला आणि म्हणाल्या, "असंल." आणि मग अर्धा तास त्या आठ जणींनी आपापले गळे वाकवून माझ्या दिव्याशी जुळवायचा प्रयत्न केला. गाणं असं बसत गेलं जसा पंक्चर झालेला टायर. शेवटी शोभाबाईंनी ढोलकी बाजूला ठेवली. "सर, तुमच्या दिव्याला गाता येतं का? मंग त्यालाच नेऊ अंबडला."

धावडा, शुक्रवार

सकाळी अक्कांच्या घरी चहाला गेलो. त्या चुलीपुढं भाकरी थापत गुणगुणत होत्या, पेटी शेजारी. मी सहज म्हटलं, तुमचा 'सा' जरा दाबून दाखवता? त्यांनी हात पुसला आणि बोट ठेवलं ते काळी चारवर.

मी विचारलं, "हा तुमचा सा?"

"मंग कोणचा?"

"मग ही काळी एक एवढी काहून झिजलीय?" घाबरलो की मी समोरच्याची भाषा बोलायला लागतो.

अक्का हसल्या. "ते होय. नवी बाई पेटीवर बसली की तिला आधी भाता येत न्हाई. हात येडावाकडा पडतो. म्हणून पयलं तीच एक पट्टी दाबून ठिवायला सांगते, भाता बराबर येईपस्तोर. मधोमध हाय, चटकन घावती. गावातल्या समद्या बाया त्याच पट्टीवर भाता शिकल्या."

म्हणजे मी ज्याला 'सा' समजलो होतो तो गावातल्या बायकांच्या पहिलीच्या वर्गाचा बाक होता.

हिशेब लगेच डोक्यात झाला, कारण व्याख्यानात तो रोजचा आहे. काळी एकला 'सा' धरलं तर काळी पाच ही पट्टी धैवत होते. काळी चारला 'सा' धरलं तर तीच पट्टी रिषभ होते. धैवत म्हणून ती जिथं चपखल बसते त्याच्या बावीस सेंट वर ती रिषभ म्हणून हवी असते. बाकीचे सगळे शुद्ध सूर दोन्हीकडं खपून जातात, एवढाच एक जात नाही. या बावीस सेंटांना आपल्या जुन्या शास्त्रकारांनी प्रमाण श्रुती असं नाव दिलंय. दोन वीणा शेजारी ठेवून त्यांनी ती ओळखली. मी ती तीस वर्षं फळ्यावर भागाकार करून काढली. आणि अक्कांनी ती पत्र्याखाली बसून, पहिल्या झटक्यात, एका बोटानं दाखवली होती. मी त्यांना दिवा दाखवला होता.

तिथंच हात जोडून सांगून टाकलं की चूक माझी आहे, तुमचा कान बरोबर होता. अक्का म्हणाल्या, "चहा घ्या आधी." मी घ्यायला हवा होता. पण प्रायश्चित्ताची घाई झाली. पेटी उघडली, काळी पाचची रीड उचलली आणि टोकाशी घासायला लागलो. आदल्या दिवशी मीच तिचं निम्मं आयुष्य घासून संपवलेलं. एकदा घासली, चढली. दुसऱ्यांदा घासली, अजून थोडी चढली. तिसऱ्यांदा टुक असा आवाज आला.

मोडलेलं टोक अक्कांनी चिमटीत धरून तळहातावर ठेवलं. बुडखा शेजारी ठेवला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यात प्रल्हादराव आले, त्यांनी तळहात बघितला, मला बघितलं आणि म्हणाले की मिरजेहून इथं एवढ्यासाठी आलात, हे काम तर आमच्या गावात कुणीही केलं असतं.

मग अक्कांनी भावाकडं वळून विचारलं, "आता तरी बाप्पाकडं जायचं का?"

तेव्हा मला कळलं की तीर्थपुरीला रुस्तुमबाप्पा नावाचे एक म्हातारे शेतकरी आहेत. ही पेटी आजवर तेच लावत आले होते. दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्यांनी काम सोडलं. अक्कांचं म्हणणं होतं की तरी त्यांना विचारून बघू. पण प्रल्हादरावांना मिरज दाखवायची होती.

तीर्थपुरी, शनिवार

जीपमध्ये आठ बाया, ढोलकी, पेटी, प्रल्हादराव आणि आरोपी. भोकरदन, जालना, अंबड असा अख्खा जिल्हा वरून खाली उतरलो. वाटेत मोसंबी घेतली. बायांनी सोललेल्या मोसंबीची फोड प्रत्येक वेळी आधी मला दिली. मला वाटलं माफी मिळाली. शोभाबाई म्हणाल्या, "खाऊ द्या. हात बिझी राहू द्या त्येंचे."

रुस्तुमबाप्पा लिंबाखाली बाजेवर बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मांडीवर उजवा हात आणि त्या हातावर डावा हात, थरथर दाबून धरायला. अक्कांनी सगळी हकिगत सांगितली. माझी बाजू त्यांनी जितकी सौम्य करता येईल तितकी केली, तरी ती तशीच राहिली. बाप्पांनी मोडकी रीड डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडं बघितलं.

"घासण्याला नाव न्हाई ठिवत. सफाई हाय तुमच्या हाताला," ते म्हणाले. "पण गाणारीण कुठं बसवल्ती?"

मी म्हणालो, बाहेर. शेंगा फोडत होत्या.

बाप्पांनी मान हलवली, आणि त्या मानेत माझी तीस वर्षांची नोकरी गेली.

त्यांची एक पद्धत आहे, आणि मिरजेत मी ती कुठं बघितली नाही. गाणारं माणूस समोर नसेल तर ते रीडला ब्लेड लावत नाहीत. एक एक सूर गाणाऱ्याकडून धरून घ्यायचा आणि त्यावर रीड आणायची. आठ जणी गाणार असतील तर आठही जणी हव्यात. याला ते पेटी गळ्यावर लावणं म्हणतात. म्हणूनच मागच्या दोन वर्षांत कुणी नुसती पेटी घेऊन आलं की ते हात दाखवून परत पाठवायचे. अक्का पहिल्या, ज्या अख्खी पार्टी घेऊन आल्या.

घरातून बिस्किटाचा जुना डबा आला. आत मोडीत निघालेल्या पेट्यांमधल्या रीड, प्रत्येक वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर गावाचं नाव. बाप्पा एकेक रीड ओठांत धरून श्वास आत ओढायचे, ऐकायचे आणि बाजूला ठेवायचे. सातवी की आठवी पसंत पडली. शेजारच्या खेड्यातल्या भजनी मंडळाची, वीस वर्षं विठ्ठलाच्या भजनात राबलेली.

शोभाबाईंनी विचारलं, "बाप्पा, अन् आमच्या गाण्यात ही मधीच अभंग म्हणाय लागली तर?"

"बराबर म्हणंल. तुम्ही साथ धरा."

आता घासायचं कुणी? बाप्पांनी ब्लेड माझ्यापुढं केलं. "हात तुमचा. कान आमचा. जल्दी बिलकुल न्हाई करायची."

लिंबाखाली आठ जणी गोल बसल्या. अक्कांनी काळी चारवर 'सा' धरला, चौघींनी पंचम धरला, तिघींनी 'उभी'चा रिषभ. नवी रीड पेटीत बसवली आणि तिची पट्टी दाबली. दोन सूर जवळ असून जुळत नसले की त्यांच्यामध्ये एक लाट ऐकू येते, वांव वांव वांव. जसे जवळ येतात तशी लाट संथ होते आणि जुळले की पाणी शांत. हे मी शाळेत दोन नादकाटे वाजवून दाखवायचो, मुलं जांभया द्यायची. इथं एक म्हातारा माणूस ती लाट बाजेच्या लाकडावर बोटानं ठोकून दाखवत होता.

"घासा. बस. वाजवा."

बोटाची ठोक थोडी संथ झाली.

"अजून एकदा. बस. आता अर्धं."

अर्धं म्हणजे किती, हे विचारायची हिंमत मला नव्हती. पितळेवरून ब्लेड नुसतं फिरवलं. रीड पेटीत गेली. अक्कांनी भाता मारला, पट्टी दाबली, आठ जणींचे सूर आले आणि बाप्पांचं बोट लाकडावर टेकलं ते टेकूनच राहिलं.

"आला," अक्का म्हणाल्या.

मला राहवलं नाही. खिशातला फोन हळूच बाहेर काढून पेटीजवळ धरला. 'सा'पासून रिषभाचं अंतर दोनशे चार सेंट. नऊला आठानं भागा, त्याचा जो शुद्ध रिषभ होतो तो, नेमका, कडेलाही नाही. दोनशे तीन नाही, पाच नाही. पुस्तक खरं होतं. लिंबाखालची माणसं खरी होती. मध्ये फक्त मी होतो.

फोन लपवायला उशीर झाला. बाप्पांनी तो बघितला होता. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं की तुमचा रिषभ एका सेंटाचीही चूक न करता बसलाय, आणि परवा मी जी चूक केली ती बावीस सेंटांची होती. बावीस म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. म्हणून मी तोंडानंच दोन्ही सूर काढून दाखवले, आधी चुकीचा, मग बरोबर.

बाप्पा जरा विचार करून म्हणाले, "एवढ्यात तर आमची म्हैस बी उठून जाईल."

इतका अभिमान मला माझ्या पदवीच्या दिवशी वाटला नव्हता. कशाचा, ते नीट सांगता येत नाही. जे मी फळ्यावर आयुष्यभर काढत आलो ते या जिल्ह्यातल्या माणसांनी गळ्यात आणि बाजेच्या लाकडात जपून ठेवलंय, आणि त्यातली शेवटची अर्धी घासणी माझ्या हातची होती.

अंबड, रविवार

सभागृह सकाळपासून भरलेलं. लांबलांबच्या गावांतून बाया आलेल्या, एकसारख्या साड्या, पिशव्यांत डबे. आमच्याकडं संगीताच्या बैठकीत कुणी खोकलं तरी चार माणसं मागं वळून बघतात. इथं गाणं आवडलं की मागच्या रांगेतली बाई उठून ओरडून सांगते की पुन्हा म्हणा, आणि गाणारी तिला तिच्या नावानं उत्तर देते. मी नवा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसलो. खिशातला फोन बंद केला. हे मुद्दाम लिहितोय, कारण प्रल्हादरावांचा अजून विश्वास नाही.

धावड्याचं नाव पुकारलं तेव्हा अक्का पेटी स्वतः उचलून वर गेल्या. बसल्या, पदर खोचला आणि बराच वेळ सभागृहात कुणालातरी शोधत राहिल्या. सुजाता उशिरा आली होती. एकही खुर्ची रिकामी नव्हती म्हणून ती मागं दाराशी, काखेत पर्स धरून थांबली होती. अक्कांना ती दिसली. त्यांनी भाता मारला.

धृपद आलं. शाळेच्या दारी, माझी लेक. माझे दोन्ही हात खुर्चीला घट्ट चिकटले होते. 'उभी'वर अक्कांनी सूर ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला. मागून सात जणी आल्या, आणि नऊ आवाजांचा एक आवाज झाला. नववी ती रीड, भजनी मंडळाची. कुठंही लाट नाही. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं तोंडावर पदर घेतला. मी वळून दाराकडं बघितलं. सुजाता दाराच्या चौकटीला टेकून आईकडं बघत होती. मागच्या वर्षी जे अर्ध्यात राहिलं होतं ते गाणं अक्कांनी पाचही कडव्यांसकट पूर्ण केलं, आणि दर कडव्याला 'उभी'वर तितकाच वेळ थांबल्या. घाई बिलकुल केली नाही.

प्रत्येक पार्टीला दोनच गाणी होती. लोकांनी ओरडून अक्कांकडून तेच गाणं दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं. शेवटी निवेदकानं माईक पुढं केला आणि विचारलं, एवढी सुरेल पेटी कुणी लावून दिली? प्रल्हादरावांनी मला कोपरानं ढोसलं. मी सदऱ्याची कॉलर नीट केली.

अक्का म्हणाल्या, "पेटी लावली तीर्थपुरीच्या रुस्तुमबाप्पानं अन् आमच्या समद्यांच्या गळ्यांनी." मग त्यांनी तिसऱ्या रांगेत बघितलं. "घासली मिरजेच्या सरांनी."

सभागृह हसलं, आणि मग टाळ्या वाजल्या. मी उठून चारी बाजूंना हात जोडले. स्टेजवरून शोभाबाईंनी ढोलकीवर एक थाप दिली, ती माझ्यासाठी होती असं मी समजतो.

परत आल्यावर मी मिरजेत रीतसर चौकशी केली. लावणाऱ्यांचे सत्कार आमच्याकडं पुष्कळ झालेत. घासणाऱ्याचा जाहीर सत्कार आजवर एकाचाही झालेला नाही.